रोकाव्हेंतोचा वड

टक्. टक् टक्.

घरात दुसरा आवाज नव्हता. चूल निवलेली, बाळाची झोळी रिकामी, गोठ्यातली गायसुद्धा मुकी उभी. त्या शांततेत माझी पाच वर्षांची मंजी उंबऱ्यावर बसून तेलाच्या बाटलीत काडी आपटत होती.

"आई, वेणी घाल ना."

"आता नको, मंजे. खण शोधू दे मला."

"पण तेल निघतच नाही."

गावात देव अवतरला होता, हिचा तान्हा भाऊ धुनीच्या धुरात धापा टाकत होता, आणि हिला वेणी हवी होती. मला रडूच कोसळलं. मी माळावरून धावत घरी आले होते ती हिरवा खण न्यायला. इटलीबाबानं मागितला होता. खण पोचला की माझ्या बाळाला पुन्हा डॉक्टरची सुई टोचायची नाही, हे रक्तोबासमोर पक्कं होणार होतं.

पहाटेपासून माळावर अर्धा तालुका लोटला होता. बैलगाड्या सोडलेल्या, फुटाणेवाल्यानं पोतं अंथरलेलं, बायका पदर आवळून थंडीत कुडकुडत उभ्या. मधोमध धुनी, आणि धुनीपाशी इटलीबाबा. हा मूळचा पलीकडच्या वाडीचा गेनबा. लढाईच्या काळात कुठल्याशा छावणीत भांडी घासायला होता. पुढं बरीच वर्षं आमच्या गावात बहिणीकडं पडून असायचा. मग नाहीसा झाला, आणि यंदा दिवाळीनंतर उगवला तो दाढी वाढवून, लष्करी बरानकोट भगव्या रंगात बुडवून. कोटाची पितळी बटणं तेवढी भगवी व्हायला तयार नव्हती.

त्याच्या हातात बोटाएवढी काचेची कुपी असायची, तोंडाला लाख लावलेली. आत काळपट तांबडा गोळा.

"आयका हो!" बाबा कुपी उंच धरून गर्जायचा. "सात समुंदरापल्याड इटली मुलूख! तितं ढगाच्या वर गाव हाय, रोकाव्हेंतो! तितल्या धनगर साधूचं ह्ये रगत. त्यानं सवता मला दर्शन दिलं, सवता ही कुपी दिली. शेकड्यानं वर्सं लोटली, पर रगत जित्तं हाय! पुण्यवानाच्या हातात पाझरतं, पाप्याच्या हातात दगड व्हतं! ओम बोंजोर्नो, ओम ग्रात्सिये, ओम मांजारे, स्वाहा!"

"स्वाहा!" सगळा माळ ओरडायचा.

आणि खरंच, धुनीपाशी बसलेल्या कुणाच्या तरी मुठीत तो गोळा हळूहळू सुटायचा, कडेनं ओघळ यायचा, आणि पाहता पाहता कुपीत लालभडक रक्त डुचमळायला लागायचं. बायाबापड्या लोटांगणं घालायच्या. महिन्याभरात साधूचा रक्तोबा झाला, रक्तोबाला शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. फक्त ऊन चढलं की रक्तोबा झोपायचा. मग बाबा कुपी रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचा. देवाला गारवा सोसतो, ऊन सोसत नाही, म्हणे.

माझ्या बन्सीला डबा, म्हणजे छातीचा आजार, झाला होता. दहा महिन्यांचं पोर, श्वास घेताना पोट खपाटीला जायचं, नाकपुड्या फुलायच्या. आदल्या दिवशी आम्ही गाडी जुंपून चाकणला गेलो. डॉक्टरांनी पेनिसिलीनची सुई दिली आणि मला बजावलं, "छाती भरलीय. रोज सकाळी एक सुई. खंड पडू देऊ नका, बाई. एक दिवससुद्धा नाही."

रात्री ताप थोडा उतरला. बाळानं दूधही ओढलं. आणि सकाळी मी धार काढून येते तो सासूबाई, सारजाबाई, त्याला धुडक्यात गुंडाळून माळावर घेऊन गेलेल्या.

त्यांना वाईट म्हणवत नाही मला. डब्यानं त्यांची दोन लेकरं मांडीवर गेली होती. "तवा डाक्टर बी नव्हता न् द्येव बी नव्हता," त्या म्हणायच्या. "आता दोनी हायती, तर दोनी करू." पण बाबाला 'दोनी' चालत नव्हतं. सुईनं आलेला उतार त्यानं आपल्या पदरी बांधून घेतला. कुपी सासूबाईंच्या हातात दिली. त्या धुनीला लागून, तापलेलं पोर छातीशी धरून बसलेल्या. रक्त लगेच पाझरलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

मग बाबानं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं होऊन म्हणाले होते, "आत्याबाई, बाळाला द्या. चाकणला जायला उशीर होतोय."

"हिला सुईचा इटाळ हाय," बाबा म्हणाला. "आदी रांजणात हात धुव. कोपरापत्तर. आणिक. आणिक धुव."

पौषातल्या पहाटेचं रांजणातलं पाणी. बोटं बधिर होऊन लाकडासारखी झाली. त्या बोटांत त्यानं ओल्या वाळूतून काढलेली कुपी ठेवली. मंत्र झाला, स्वाहा झालं, गोळा काही हलला नाही.

"दगड!" बाबा ओरडला. "आयच्या पोटात संशेव हाय, त्यो पोराला खातोय! आता सुई टोचली तर रक्तोबा रुसंल. दिस कलेपत्तर पोर धुनीपाशी ऱ्हाऊ द्या. आन् हिरवा खण आना."

शेजारची तानाबाई, जिच्याशी मी रोज पाण्याला जाते, ती दोन पावलं मागं सरकली. आमचा गाडीवान भिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "वैनी, मोठ्या बाईंनी सांगितल्याबिगर मी गाडी जुपनार न्हाई." मी एवढ्या गर्दीत एकटी उभी होते. माझंच बाळ, आणि ते मागायला माझे हात अपुरे पडत होते. शेवटी खण आणायला निघाले.

रोकाव्हेंतो हे नाव मात्र मला बाबाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

आमचे 'हे', अर्जुनराव, लढाईत मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. आता ते पिंपरीला नव्या औषधांच्या कारखान्यात फाटकावर असतात आणि रविवारी सायकलीनं घरी येतात. संध्याकाळी पारावर बसले की मंजी मांडीवर चढते आणि म्हणते, "बाबा, ते डोंगरावरचं गाव." मग सारा पार कान देऊन ऐकतो.

गाव डोंगराच्या धारेवर. पाकोळ्यांची घरटी चिकटावीत तशी घरांना घरं चिकटलेली. गल्ल्या नाहीतच, सगळ्या दगडी पायऱ्या. एकाच्या अंगणातून पाऊल टाकावं ते दुसऱ्याच्या छपरावर. माथ्यावर पडका बुरूज. त्यानं म्हणे कितीतरी धनी पाहिले, आणि दर धन्यानं शेतसारा तेवढा वाढवला. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. गरिबांची भाकरी चेस्टनट नावाच्या रानफळाच्या पिठाची, गोडसर, घशात अडकणारी.

त्या गावची दंतकथा अशी, की फार पूर्वी एका रात्री शत्रूचं सैन्य डोंगर चढून आलं. गाव झोपलेलं. एका धनगराच्या पोरानं ते पाहिलं आणि देवळाची घंटा वाजवत सुटला. गाव वाचलं. पोरगा घंटेच्या दोरीशीच मारला गेला. त्याच्या आईनं पायरीवरचं रक्त कुपीत भरून घेतलं. अजून दर हिवाळ्यात त्याच्या दिवशी ती कुपी बाहेर काढतात, एकेक जण हातात धरतो, आणि रक्त पाझरलं तर वर्ष सुखाचं जातं.

यांची तुकडी त्या गावात एका म्हातारीच्या घरी उतरली होती. तिला सगळे नोन्ना म्हणत, म्हणजे आजी. तिचा एकुलता लेक जर्मनांशी लढायला रानात गेलेला. त्या हिवाळ्यात नोन्नाच्या हातात रक्त पाझरलं. ती नाचत घरी आली, या परक्या मुलखातल्या पोरांना तिनं भाकरी वाटली. दुपारी लेकाचं प्रेत पायऱ्यांवरून आणलं. त्याच सकाळी गोळी लागली होती. नोन्ना रडली नाही. यांचा हात धरून आपले दोन तळवे दाखवत राहिली. पाझरलं होतं, पाझरलं होतं, असं तिच्या भाषेत सारखं सांगत राहिली.

ही गोष्ट इथवर आली की मंजी त्यांची हनुवटी ओढून विचारायची, "पण बाबा, तिथली मुलं झोका कुठं बांधतात?"

"वडाला की! देवळाच्या दारात थोरला वड आहे. हजार पारंब्या."

मी डोळे वटारले की हळूच म्हणायचे, "बर्फात कसला वड जगतो? पण पोरीला झोका नको का?"

तर असं ते गाव. 'बोंजोर्नो' म्हणजे तिकडचा रामराम, 'ग्रात्सिये' म्हणजे उपकार झाले, 'मांजारे' म्हणजे जेवणं. एवढं तर मंजीलाही येतं. बाबा माळावर म्हणत होता तो मंत्र मराठीत सांगायचा तर, रामराम, उपकार झाले, आता जेवा, स्वाहा! हसू यायला हवं होतं. पण बाळ त्याच्या धुनीपाशी होतं, आणि कुपीतलं रक्त मी डोळ्यांनी पाझरताना पाहिलं होतं. भाषा खोटी असेल, रक्ताचं काय?

"आई, बघ ना!"

मंजीनं काडी टाकून दिली होती. बाटली तिनं काखेत घट्ट दाबून धरली होती. थंडीत रोज करते तशीच.

"सुटलं बघ! माझ्या हातात पाझरलं! मी पुण्यवान!" ती खिदळली, मग बाबाचा घोगरा आवाज काढून म्हणाली, "ओम मांजारे, स्वाहा!"

मी तिच्या हातातली बाटली पाहिली. काचेच्या कडेनं लाल ओघळ उतरत होता. मधला गोळा काळपट तांबडा, कडेला लालभडक.

माझ्या आईचं तेल. चिंचवडला आई खोबरेलात रतनजोत घालते. ती मुळी तेलात पडली की तेल कुंकवासारखं लाल होतं. केसांना बरं म्हणून दर दिवाळीला मला बाटली भरून देते. सासूबाई नाकं मुरडतात, "वाण्याचं त्याल." आमच्या गावात घाणा करडईचा. खायला करडई, केसाला करडई, दिव्याला करडई. आणि करडईचं तेल कितीही थंडी पडो, गोठत नाही. या गावानं गोठणारं तेल कधी हाताळलंच नव्हतं. मग तांबडा गोळा हातात घेतल्यावर पातळ झाला, तर त्यांनी त्याला रक्त म्हणू नये तर काय म्हणावं?

आणि मी? मी तर रोज सकाळी ते पातळ करत होते!

"मंजे, दे इकडं! आणखी पाझरवू नकोस!"

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली. खण तिथंच राहिला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात मंजी, आणि मी माळावर पळत सुटले. मंजीचे केस मोकळेच.

"खण आनला का?" बाबानं विचारलं.

"नाही. माझ्या माहेरचा रक्तोबा आणलाय."

गर्दीत खसखस पिकली. मी फडकं सोडलं. बाटली वर धरली, गोळा पुन्हा घट्ट झाला होता. हसू थांबलं.

"तानाबाई, हात पुढं कर."

"म्या न्हाई बाई," तानाबाई म्हणाली. "मला पाप लागंल."

"घरचं तेल आहे. पाप लागलं तर माझ्या नावावर. धुनीपाशी बस आणि धर."

तानाबाईनं निखारा धरल्यासारखी बाटली धरली. सगळ्या माना पुढं झाल्या. बाबानं मंत्र नाही म्हटला, मी तर नाहीच नाही. तरी ओघळ सुटला. मग गोळा तरंगला, फुटला, आणि बाटलीत लाल लाल डुचमळलं.

"अगं माय! पाझारलं!" तानाबाई किंचाळली. "म्या पुन्यवान हाय!"

"तू आहेसच गं. पण हे तेल आहे. बूच काढ आणि वास घे."

तिनं नाकाशी धरलं. "इश्श! ह्यो तर तुज्या डोस्क्याचा वास!"

आता लोक मोकळे हसले. बाबा ताडकन उठला. "बाई माजलीय! त्याल येगळं, रगत येगळं! म्या रोकाव्हेंतोत सवता उभा हुतो! साधू माज्याशी बोल्ला!"

"कुठं बोलला, बाबा?"

"कुटं म्हंजी? देवळाच्या म्होरं."

"देवळाच्या पुढं काय आहे?"

"वड!" बाबा छाती काढून म्हणाला. "थोरला वड हाय! हजार पारंब्यांचा! त्याच्याच बुडाला साधू बसला हुता!"

"तो वड माझा आहे!" मंजी ओरडली. एवढ्या मोठ्यांदा ओरडली की धुनीपाशी बाळ दचकलं. "बाबांनी माझ्या झोक्यासाठी लावलाय! खोटा खोटा! तिथं बर्फ असतो!"

मी म्हणाले, "ऐकलंत? हे गाव याला आमच्या पारावर भेटलं. माझा नवरा पोरीला गोष्ट सांगायचा आणि हा शेजारी बसून ऐकायचा. गोष्टीतलं खरं तेवढं घ्यायचं हे याला कळलं नाही, वडासकट उचललं सगळं!"

"खोटं! समदं खोटं!" बाबा ओरडला, पण कुपीचा हात त्यानं कोटाच्या खिशात घातला होता.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. बाळ त्यांनी मांडीवरून खांद्यावर घेतलं. रांजणापाशी गेल्या, तांब्या बुडवला.

"गेनबा, हिकडं ये."

इतक्या दिवसांत त्याला गेनबा कुणी म्हटलं नव्हतं.

"माज्या सुनंला धुवायला लावलंस तसं धुव. कोपरापत्तर. मग ती कुपी वाळूतनं काडलेली हातात धर. धुनीपासून लांब हुबा ऱ्हा. तुज्या हातात पाझारली तर मी तुजं पाय धरीन. तू तर लई पुन्यवान."

बाबा हलला नाही.

"धुव की रं!" मागून भिमाजी ओरडला. "द्येवाला गारवा सोसतो म्हनं, तुला न्हाई व्हय सोसत?"

"रक्तोबाचा कोप हुईल," बाबा पुटपुटला.

"माज्यावर हुंद्या," सासूबाई म्हणाल्या. "दोन लेकरं पुरून आले म्या. आणिक काय करनार हाय त्यो?"

बाबा कुपी खिशात दाबून गर्दीतून मागं मागं सरकू लागला. दोघातिघांनी त्याचा कोट धरला, एक पितळी बटण तुटून मातीत पडलं. मी म्हणाले, "मारू नका त्याला. कुपी तेवढी काढून घ्या, लाख फोडा, आणि वास घ्या सगळ्यांनी." त्यांनी ती फोडली की नाही, ते पाहायला मी थांबले नाही. सासूबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं होतं. त्याची छाती खालीवर होत होती, कपाळ पुन्हा कढत लागत होतं.

"भिमाजी," सासूबाईंनी हाक दिली, "बगतोस काय? गाडी जुप!"

चाकणला डॉक्टर दवाखान्याच्या दारातच होते. "उशीर केलात," एवढंच म्हणाले, आणि सुई उकळायला ठेवली. बाळ रडलं. जोरात, छाती भरून रडलं. तसं रडणं ऐकून इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "डाक्टर, उद्या किती वाजता आनू?"

मी फार शिकलेली नाही. पण जे हातांनी कळलं ते सांगायला शिक्षण लागत नाही. आयाबायांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी जरा बघा, ते हात गरम होते की गार, देव ऊन चढल्यावर का झोपतो, मंत्राचा अर्थ काय. विचारा. विचारल्यानं खरा देव रुसत नाही, आणि रुसला तर तो देव कसला? कुणी म्हणालं, तुझ्या हातात पाप आहे म्हणून तुझं लेकरू आजारी, तर त्याला जाब विचारा. आणि लेकरू आजारी असेल तर त्याला आधी डॉक्टरकडं न्या, जाब मागाहून विचारा.

परतताना ऊन चांगलं वर आलं होतं. गाडी दचके खात चालली होती. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, श्वास अजून घरघरत होता, पण पोट पहिल्यासारखं ओढत नव्हतं. सासूबाईंनी मंजीला पुढ्यात घेतलं, तानाबाईनं परत दिलेली बाटली कमरेतून काढली आणि तिच्या मोकळ्या केसांत तेल चोपडायला लागल्या. उन्हानं ते केव्हाच पातळ झालं होतं.

"वास बरा हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मंजी वेणी घालून घेत होती. मग मान वळवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आई, त्या नोन्नाच्या कुपीत पण तेलच होतं का?"

"काय माहीत, बाळा. मी पाहिलेली नाही ती. पण हाताची ऊब सगळीकडं सारखीच."

तिनं आपले दोन्ही तळवे उघडले, केस चाचपून तेलानं लाल झालेले, आणि त्यांच्याकडं बघत विचारलं,

"मग आई, नोन्नाला कोण सांगणार?"